अक्काचं बोट आणि दाजींची फाईल

आपल्याकडे दुखणं एकट्याचं असतं, त्याचं कारण मात्र सार्वजनिक असतं. आमच्या अक्काचा डावा खुबा धरला तेव्हा पहिल्या आठवड्यातच तासगावात त्याची जेवढी कारणं निघाली, तेवढी पुढे एमआरआयच्या दीड टेस्लाच्या चुंबकालाही काढता आली नाहीत. शेजारच्या काकू म्हणाल्या, वात. दाजींचे धाकटे भाऊ म्हणाले, पित्त. त्यांच्या मते पावसानं ओढ दिली तरी ते पित्तच. विहीणबाईंनी फोनवरून निदान केलं की हे सगळं फरशीमुळं होतं, शेणानं सारवलेल्या जमिनीवर कधी कुणाचं कंबरडं धरलं नव्हतं. (त्यांचं धरलं होतं. आम्ही बघायला गेलो होतो.) मग निरगुडीचा पाला आला, एरंडाचं तेल आलं, तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून झाली. एका हाडवैद्यानं अंगठ्यानं असं काही दाबलं की दोन दिवस खुबा अजिबात दुखला नाही. बाकीचं सगळं दुखत असल्यामुळं खुब्याकडे लक्षच गेलं नाही.

या सगळ्या काळात अक्का एकच गोष्ट करत होती. कुठं दुखतंय म्हणून कुणी विचारलं की डाव्या मांडीच्या बाहेरच्या अंगाला, जिथं वरचं हाड हाताला लागतं, तिथं बोट ठेवून म्हणायची, "हितं." काकूंनी विचारलं तेव्हा तिथंच, भाऊंनी विचारलं तेव्हा तिथंच. बोट तसूभर हलत नव्हतं. पण विचारणाऱ्याचं लक्ष बोटाकडे नसायचंच, कारण त्याला आपल्या साडूचं काय झालं होतं ते सांगायचं असायचं.

दाजी बँकेतून रिटायर झालेले. बँकेतला माणूस रिटायर झाला तरी त्याच्यातली फाईल रिटायर होत नाही. अक्काचा साधा एक्स-रे काढला, डॉक्टरांनी तो उजेडाकडे धरून "नॉर्मल आहे" असं सांगितलं, तेव्हा अक्काला बरं वाटलं आणि दाजी खिन्न झाले. अर्ज नामंजूर झाल्यावर शाखेत लोक ज्या चेहऱ्यानं उभे राहायचे, तो चेहरा इतकी वर्षं त्यांनी काउंटरच्या आतून पाहिला होता. आता स्वतः घालून पाहिला. "नॉर्मल कसं असेल? बाई लंगडते!" असा त्यांचा मुद्दा होता आणि तो चूक नव्हता. डॉक्टर म्हणाले, "पाहिजे तर एमआरआय करून बघू." या वाक्यातलं "पाहिजे तर" दाजींच्या कानापर्यंत पोचलं नाही.

आमच्या भागात आजारी माणूस दोनच दिशांना जातो, मिरजेला नाहीतर वर. डॉ. विल्यम वॉनलेस नावाच्या मिशनरी सर्जननं १८९४ साली तिथं इस्पितळ उभं केलं, तेव्हापासून अर्धा दक्षिण महाराष्ट्र आणि पाव कर्नाटक मिरजेत येऊन तपासून जातो. याच गावात सतारी आणि तंबोरे बनतात, म्हणजे सूर लावायचा असो की हाड, स्टेशन एकच. अक्का, दाजी, मी आणि फाईल असे चौघे निघालो.

स्कॅन सेंटरच्या दारात पहिली अडचण आली ती बायकांच्या गुप्त शस्त्रसाठ्याची. "अंगावर धातूचं काही ठेवायचं नाही," असं तिथल्या मुलीनं सांगितलं. अक्कानं बांगड्या उतरवल्या, पाटल्या उतरवल्या, जोडवी साबण लावून काढली, मंगळसूत्र डोळ्याला लावून दाजींच्या रुमालात ठेवलं. मग सेफ्टी पिना निघायला लागल्या. पदराची एक, निऱ्यांची एक, ब्लाउजच्या हुकाऐवजी असलेली एक, मंगळसूत्रात "असू दे लागंल" म्हणून अडकवलेल्या काही, आणि कुणाची म्हणून कुणास ठाऊक, एक भलीमोठी, जी गोधडी शिवतानाच वापरतात. सोनं चुंबकाला चिकटत नाही, तरी ते तापू शकतं आणि चित्र बिघडवतं म्हणून काढायचं. पिना मात्र पोलादाच्या, त्या सुटल्या तर सरळ यंत्राकडे धावतात. हे चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण ३०,००० पट ताकदीचं असतं आणि ते रात्री बंद करून कुलूप लावून घरी जाता येत नाही. त्याच्या तारांचं वेटोळं द्रवरूप हेलियममध्ये, शून्याखाली २६९ अंशांवर बुडवलेलं असतं. एकदा वीज फिरवली की ती फिरतच राहते. दारावरचा माणूस उगाच दरडावत नाही. मुंबईत २०१८ साली ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला एक तरुण नातेवाईक त्या चुंबकापायी जिवाला मुकला. दाजींनी हे ऐकलं आणि पट्टा, किल्ल्या, एटीएम कार्ड एवढंच नाही तर खिशातलं पेनसुद्धा माझ्या हवाली करून दारापासून चांगले लांब जाऊन बसले.

नंतर प्रश्नोत्तरं. पेसमेकर आहे का, डोक्यात क्लिप बसवली आहे का, कधी डोळ्यात लोखंडाचा कण गेला होता का. "शरीरात कुठं लोखंड आहे का?" या प्रश्नावर अक्का विचारात पडली आणि प्रामाणिकपणे म्हणाली, "लोहाची गोळी घेते की रोज." मुलीनं हसू दाबून "चालतंय" असं लिहिलं.

यंत्र आत काय करतं, हे मला बाहेर बसल्या बसल्या दाजींना समजावून सांगावं लागलं, आणि मिरजेत बसून सांगताना सतारीवाचून दुसरं काही सुचेना. सतारीत वाजवायच्या तारांखाली बारीक तरफेच्या तारा असतात. त्यांना कुणी छेडत नाही. वर नेमका त्यांचा सूर लागला की त्या आपणहून बोलतात. माणसाच्या अंगातल्या पाण्यात आणि चरबीत हायड्रोजनच्या अणूंची अशी तरफ भरलेली आहे. मोठ्या चुंबकात माणूस निजवला की त्या अणूंचा सूर ठरतो. दीड टेस्लाच्या यंत्रात तो सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख कंपनांचा. नेमक्या त्याच सुराची रेडिओलहर सोडायची, मग ती थांबवायची आणि अणू काय बोलतात ते ऐकायचं. पाण्यातले एक बोलतात, चरबीतले दुसरं. सुजलेल्या जागी पाणी जास्त, म्हणून तिथली बोलणी वेगळी.

"पण कुठला अणू कुठनं बोलला, हे कसं कळतं?" दाजींनी विचारलं. हा प्रश्न साधा नाही, याला नोबेल मिळालेलं आहे. चुंबकाची ताकद एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे किंचित बदलत नेली तर प्रत्येक जागेचा सूर किंचित वेगळा होतो आणि सुरावरून पत्ता लागतो, ही कल्पना पॉल लॉटरबर यांना १९७१ साली अमेरिकेत, पिट्सबर्गजवळच्या एका हॉटेलात हॅम्बर्गर खाताना सुचली. त्यांचा लेख 'नेचर'नं आधी साभार परत केला आणि १९७३ मध्ये छापला. २००३ साली पीटर मॅन्सफिल्ड यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं, तेव्हा रेमंड डॅमेडियन या तिसऱ्या गृहस्थांनी आपल्यावर घोर अन्याय झाला म्हणून अमेरिकन वर्तमानपत्रांत पानपानभर जाहिराती दिल्या. त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. १९७७ साली अख्ख्या जिवंत माणसाला बसवता येईल असं यंत्र त्यांनीच आधी बांधलं. आत पहिल्यांदा ते स्वतः बसले, तर यंत्र त्यांच्याबद्दल चकार शब्द बोलेना. अंगात चरबी जास्त, असं निदान झालं आणि मग त्यांच्या एका सडपातळ विद्यार्थ्याला बसवलं. त्याच्या छातीचं एक अंधूक चित्र यायला जवळजवळ पाच तास लागले. जाड माणसाला यंत्रानं उत्तर न देणं हा भाग दाजींना मनापासून आवडला. त्यांनी भाऊंना फोन लावून तो लगेच सांगितला, कारण भाऊ शंभर किलोच्या पुढं आहेत.

आतून आवाज येत होता. पत्ता लावण्यासाठी चुंबकाची ताकद बदलणारी जी वेगळी वेटोळी असतात, त्यांतली वीज झरझर चालू-बंद करावी लागते आणि दर वेळी ती वेटोळी हिसका खातात. त्याचा तो गोंगाट. कानात बोळे घालूनसुद्धा तो दातांत जाणवतो. खुब्याच्या स्कॅनला पायाकडून आत घालतात, दोन्ही पावलं आत वळवून एकमेकांना बांधतात आणि हलू नका म्हणून सांगतात. हातात एक रबरी फुगा देतात, घाबरलात तर दाबा. अक्कानं तो दाबला. यंत्र थांबलं, मुलगी धावत आत गेली. अक्काला भीती वगैरे काही वाटली नव्हती. घरी सायंकाळचं दूध बाहेरच राहिलंय, ते तापवून ठेवायला फोन करा, एवढा निरोप होता. बाहेर आल्यावर तिचा अभिप्राय एका वाक्याचा होता: "आत खोदकाम काढलंय त्यांनी, पण थंडगार हाय."

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. मोठं पाकीट, आत चार फिल्मा, वर दोन पानं इंग्रजी. दाजींनी चष्मा पुसला, पाटावर बसले आणि खणखणीत आवाजात वाचायला घेतलं. इतक्या श्रद्धेनं त्यांनी आजवर फक्त सत्यनारायणाची पोथी वाचली आहे. उजव्या खुब्याच्या खोबणीची जी कूर्चेची कड असते, लेबरम, तिला पुढच्या बाजूला फाट. दोन्ही सांध्यांत थोडंसं पाणी. एक छोटी गाठ, निरुपद्रवी. कमरेच्या शेवटच्या मणक्याखालची चकती सुकलेली. गर्भाशयात बारीक फायब्रॉइड. डाव्या बाजूला नितंबाच्या स्नायूची दोरी हाडाला जिथं चिकटते तिथं सौम्य सूज. आणि सगळ्यात शेवटी ते वाक्य, जे कुठल्याही रिपोर्टाच्या पायथ्याशी असतंच: कृपया क्लिनिकली कोरिलेट करावे. म्हणजे, आम्ही दिसलं ते सगळं सांगितलं, आता यातलं दुखतंय कुठलं ते पेशंटला हात लावून ठरवा. रेडिऑलॉजिस्टनं अख्ख्या रिपोर्टात मनापासून लिहिलेलं वाक्य बहुधा हेच असतं आणि लोक तेवढंच शिक्क्याचा भाग समजून सोडून देतात.

घरात शांतता पसरली. "एवढं सगळं हाय माझ्यात?" अक्का म्हणाली. तिच्या आवाजात भीती होती आणि थोडी प्रतिष्ठाही. दाजींनी मात्र मुद्द्याला हात घातला. फाट निघाली होती उजवीकडे, दुखत होतं डावीकडे. उजवी बाजू इतके दिवस कशी काय दुखली नाही, याचं कारण रिपोर्टात दिलेलं नव्हतं. ही त्रुटी अक्कानं स्वतःच भरून काढली. दुसऱ्या दिवसापासून तिचा उजवा खुबाही दुखायला लागला. भाचरानं रिपोर्टचा फोटो मोबाईलमधल्या कुठल्याशा हुशार यंत्राला दाखवला. त्यानं आणखी चार आजार शक्य कोटीत आणून दिले आणि शेवटी तब्येतीला शुभेच्छा दिल्या.

हाडाचे मोठे डॉक्टर वयस्कर होते. दाजींनी फाईल दोन्ही हातांनी पुढं केली. त्यांनी ती घेतली आणि टेबलावर पालथी ठेवली. मला वाटतं, दाजींच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा अपमान असावा.

"ताई, कुठं दुखतंय?"

"हितं." बोट तिथंच.

डॉक्टर बोटाकडे बघत राहिले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी त्या बोटाकडे बघत होतं. मग त्यांनी अक्काला निजवून गुडघा पोटाशी घेतला, पाय आत वळवला, बाहेर वळवला. "जांघेत दुखतंय?" नाही. खरा खुब्याचा सांधा खोल आत असतो आणि तो बिघडला तर बहुतेक वेळा जांघेत दुखतं, असं ते हात चालवता चालवता सांगत होते. अशी माणसं दुखणं दाखवताना अंगठा मागं नि बोटं पुढं करून कमरेची बाजू पंज्यात धरतात. अक्का एका बोटानं दाखवत होती, तेही बाहेरचं हाड. त्यांनी त्या हाडावर अंगठा टेकवला मात्र, अक्का खाटेवरून अर्धी उठली. "डाव्या पायावर उभ्या राहा, एका." अर्धा मिनिट व्हायच्या आत कळ आली. "रात्री या कुशीवर झोपता येत नाही?"

"तुमाला कसं कळलं?"

"रिपोर्टात आहे का ते?" दाजींनी आशेनं विचारलं.

आता त्यांनी फाईल उलटी केली, दोन पानांवरून नजर फिरवली आणि खालून दुसऱ्या ओळीवर पेनानं टिंब दिलं. नितंबाच्या स्नायूची दोरी. चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या बायकांत हे नेहमीचं. "घरात लहान मूल आहे?"

आहे. अकरा महिन्यांचा नातू, दहा किलोंचा, जमिनीला पाय न लावण्याचं व्रत घेतलेला. अक्का त्याला डाव्या कडेवर घेते, कारण उजवा हात मोकळा लागतो, आणि कमर डावीकडे काढून त्याला तिथं बसवते. तशाच अवस्थेत ओट्याशी उभी राहून भाकऱ्या थापता येत नाहीत एवढंच. बाकी स्वयंपाक, फोन, दारावरच्या भाजीवाल्याशी घासाघीस, सगळं होतं. नातवाचं वजन, उभं राहण्याची तऱ्हा आणि रात्री त्याच कुशीवर झोपणं, तिन्ही एकाच दोरीला जाचत होती. चार फिल्मांमध्ये अक्काचं सगळं काही होतं, नातू तेवढा कुठल्याच फिल्ममध्ये नव्हता.

"आणि ती उजवीकडची फाट?" दाजी सोडेनात.

डॉक्टर म्हणाले, २०१२ साली अमेरिकेत ज्यांचं काहीच दुखत नव्हतं अशा ४५ जणांच्या खुब्यांचे एमआरआय काढले. सरासरी वय चाळिशीच्या आतलं. त्यांतल्या ६९ टक्के लोकांचा लेबरम फाटलेला निघाला. माणसं मजेत हिंडत होती. त्याआधी १९९४ मध्ये कंबर न दुखणाऱ्या ९८ जणांचे मणके असेच बघितले होते, तर सगळ्या चकत्या ठाकठीक असलेले निघाले ३६ टक्के. "केस पिकतात तसं हे आतून पिकतं. पिकलेल्या केसाला दुखतं का?" अक्काची उजवी बाजू त्याच क्षणी बरी झाली. वैद्यकशास्त्रातला इतक्या झटपट गुण आलेला उपचार मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

यंत्राची यात काही चूक आहे असं मला वाटत नाही. खुब्यातल्या चेंडूचा रक्तपुरवठा तुटून हाड आतून मरायला लागतं तेव्हा सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ असतो, एमआरआयमध्ये मात्र ते दिसतं. स्टेरॉइडची जास्त औषधं, दारू, अशा कारणांनी तरण्या माणसांना ते होतं. करोनात स्टेरॉइड घेतलेल्या काही रुग्णांमध्ये ते आढळल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली. पडलेल्या म्हातारीच्या खुब्यातली केसाएवढी चीर, धावपटूच्या मांडीच्या हाडाच्या मानेतला ताण, हे एक्स-रे चुकवतो आणि एमआरआय पकडतो. तिथं तो उशिरा काढणं हाच गुन्हा. पण यंत्राला प्रश्न विचारून आत सोडावं लागतं. प्रश्नच नसला की ते बिचारं शिरगणती करून परत येतं.

उपचार ऐकून दाजींची पुरती निराशा झाली. त्या कुशीवर झोपू नका, दुसऱ्या कुशीवर झोपलात तर गुडघ्यांत उशी घ्या, एका पायावर भार टाकून उभं राहू नका, पायावर पाय टाकून बसू नका, नातवाला कडेवर नाही, छातीशी दोन्ही हातांनी. आणि रोज व्यायाम. "इंजेक्शन नाही?" दाजींनी विचारलं. सात हजारांच्या स्कॅनवर उशी हे उत्तर त्यांना हिशेबात बसत नव्हतं. त्यावर डॉक्टरांनी ऑस्ट्रेलियातला एक प्रयोग सांगितला, २०१८ साली 'बीएमजे'मध्ये आलेला. याच दुखण्याचे २०४ लोक. एका गटाला व्यायाम आणि या अशाच सूचना, दुसऱ्याला स्टेरॉइडचं इंजेक्शन, तिसऱ्याला नुसतं थांबा म्हणून सांगितलं. आठ आठवड्यांनी बऱ्यापैकी बरं वाटतंय म्हणणारे पहिल्या गटात ७७ टक्के, दुसऱ्यात ५८, तिसऱ्यात २९.

दाजी बराच वेळ आकडेमोड करत होते. "म्हणजे काहीच न करता २९ टक्के?" ते मला बाहेर आल्यावर म्हणाले. "पाव्हणं, बिनव्याजी हाय की हे!"

अक्का व्यायाम करते. कुशीवर निजून पाय उचलते, नातू त्या पायाला लोंबकळायला बघतो. दुखणं बरंच उतरलंय. पण घरी कुणी बघायला आलं की उशीचा विषय निघत नाही. दाजी फाईल काढतात, फिल्म खिडकीच्या उजेडाला धरतात, लेबरमपासून सुरुवात करतात. आलेला माणूस हरत नाही; तो म्हणतो, आमच्या साडूच्या मणक्यात तर पाच ठिकाणी निघालंय. दाजींचा चेहरा पडतो. मग ते फायब्रॉइड बाहेर काढतात आणि अक्का आतून ओरडते, "अहो, तेवढं तरी वाचू नका!"

परवा मी त्यांना जरा भानावर आणावं म्हणून अमेरिकेतल्या एका बाईची गोष्ट सांगितली. वय ६३, कंबर आणि पाय दुखत होते. संशोधकांनी तिला तीन आठवड्यांत दहा वेगवेगळ्या सेंटरांत पाठवून तोच एमआरआय दहा वेळा काढला. २०१७ साली ते छापून आलं. दहा रिपोर्ट मिळून ४९ वेगवेगळ्या गोष्टी निघाल्या आणि दहाही रिपोर्टांत सारखी लिहिलेली अशी एकसुद्धा गोष्ट नव्हती.

दाजींनी चष्मा काढला. खूप वेळ काही बोलले नाहीत.

"दहा रिपोर्ट," ते शेवटी म्हणाले. "आणि ह्या दहाही ठिकाणच्या फिल्मा तिला घरी नेऊ दिल्या असतील का रं?"

"ठेवणार कुठं?" अक्का आतून म्हणाली. "गादीखाली चारच मावत्यात."